भांड्याला भांडं

(सिडनी, मोंटाना. बीटच्या सुगीला आलेल्या ट्रेलरांचा तळ.)

मार्नी, तू विचारलंस म्हणून सांगते,
नाहीतर न विचारता शिकवणाऱ्या बायका
या तळावर पैशाला पासरी आहेत.

जड ते खाली, आणि चाकांच्या जवळ.
बिडाचा तवा ओव्हनमध्ये, टॉवेलात गुंडाळून.
कप मोज्यांत. एका मोज्यात एकच,
दोन घातलेस तर आतल्या आत भांडतात.
ताटल्यांच्या मध्ये जुन्या पांघरुणाचे तुकडे.
फ्रिजच्या कप्प्याला पडद्याचा स्प्रिंगवाला दांडा आडवा.
कपाटाच्या दोन मुठींतून लाकडी उलथणं सारायचं,
झाली कडी.
मिठाची बाटली माझ्या सपातेत जाते. हसू नकोस.

तुझा तो केब म्हणेल, एवढं कशाला, हळू चालवीन.
हळूचा प्रश्न नाही गं.
गाडी सुटली की तुझं स्वयंपाकघर
दिवसभर भूकंपात असतं,
आणि पुढे ट्रकमध्ये तुला काही म्हणजे काही ऐकू येत नाही.
रेडिओ ऐकू येतो. गव्हाचे भाव. वारा.
मागे काय फुटलं ते
संध्याकाळी दार उघडल्यावर.

आर्विडने जमीन विकली त्या वर्षीची गोष्ट.
एकशेसाठ एकर, त्यात घाम माझाही,
आणि मला सांगितलं सही झाल्यावर,
मी बटाटे सोलत असताना,
मीठ दे म्हणावं तसं.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. मी काहीच बांधलं नाही.
विसरले नाही. बांधलं नाही.
कपाटं नुसती लोटली आणि पुढे जाऊन बसले,
हात मांडीवर, चर्चमध्ये बसतात तशी.
ग्लेनडाइव्ह गेलं. माइल्स सिटी गेलं.
यलोस्टोन नदी खिडकीशी आली, परत लांब गेली.
तो म्हणाला, वारा आहे.
मी म्हटलं, असेल.

बिलिंग्जच्या अलीकडे, एका पेट्रोलपंपामागे
त्याने दार उघडलं.
आधी एक ताटली बाहेर आली, कडेवर घरंगळत, अख्खी,
पायरी उतरली,
आणि डांबरावर गिरक्या घेत आडवी झाली.
मग बाकीचं.
बिटाच्या लोणच्याने छत जांभळं.
पिठात काचा, काचांत पीठ.
लग्नातले बारा कप, त्यांचे कान तेवढे शाबूत.

भांड्याला भांडं लागायचंच, म्हणतात लोक.
लागू दे की.
आपल्या कानावर एकही आवाज न येता लागत राहतं ना,
त्याची भीती धर.

तो काही बोलला नाही. झाडू आणला.
मी सुपलीत काचा भरत होते,
तर कोपऱ्यात, बाकाखाली, त्याचा शिकारीचा मोजा,
लोकरीचा, टाचेला रफू माझंच,
तोंडाशी घट्ट गाठ.
आत माझ्या आईची साखरदाणी.

म्हणजे रात्रीच त्याने पाहिलं होतं
की बाई काही बांधत नाहीये.
तेवढी एक वस्तू बांधून ठेवली
आणि बाकीचं फुटू दिलं, शहाण्याने.

माफ केलेलं नाही मी अजून, बरं का.
जमिनीबद्दल नाही.
साखरदाणी मात्र रोज वापरते,
हात लावून बघ, झाकणालासुद्धा टवका नाही.

हां, अंड्यांचं राहिलंच.
अंडी प्रवासात घ्यायचीच नाहीत.
जिथे थांबाल तिथे घ्या.

आणि थांबलात की कपाट एकदम उघडू नकोस.
आधी तळहात लाव फटीला,
मग बोटभर उघड, मग थांब.
दाराला टेकून काहीतरी उभं असतं,
दिवसभर उभं असतं ते.

मोजे जास्तीचे घे.
केबचे घे, त्याचे पाय मोठे आहेत.